भिंतीचा की अल्बमचा

गुरुवार, सकाळचे आठ वाजून बेचाळीस मिनिटं. राजापेठेतल्या स्टुडिओचं शटर अर्धंच वर केलेलं आहे. आतल्या खोलीत खुशालराव निमकर संगणकासमोर बसले आहेत आणि एका बाईच्या कपाळावरचं कुंकू परत आणायच्या खटपटीत आहेत.

फोटो रंगीत होता तोवर कुंकू होतं. रंग काढले आणि ते गेलं. रंग काढायला संगणकाला क्षणही लागत नाही, पण कोणता रंग किती काळा व्हावा आणि किती पांढरा, ते माणसानं सांगावं लागतं. लाल उजळ ठेवला तर कातडी गोरी आणि नितळ दिसते. गिऱ्हाइकांना बहुधा तेच हवं असतं. पण मग कुंकूही कातडीत मिसळून जातं आणि सवाष्ण बाईचं कपाळ मोकळं दिसतं. खुशालराव लाल कमी करत जातात, हिरवा वाढवतात. चेहरा सावळा होतो, ओठ गडद होतात आणि कपाळावर काळा ठिपका उमटतो. जुन्या फोटोंत तो असाच काळा असायचा.

ही बाई त्यांची मुलगी आहे. प्रतीक्षा, वय तेहेतीस, राहणार अकोला, नोकरी पतसंस्थेत. तिला सातवा महिना आहे. येत्या रविवारी तिची ओटी भरायची आहे, इथे अमरावतीत, माहेरी, आईच्या हातानं. आई घरातच आहे. फक्त एकोणीस महिन्यांपासून ती प्रतीक्षाला ओळखत नाही.

खुशालरावांना रविवारच्या आत तिची ओळख पटवून द्यायची आहे. त्यासाठी हा फोटो.

खुशालराव सदुसष्ट वर्षांचे आहेत. मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात त्यांच्या घरी वांगी, मेथी आणि दसऱ्यासाठी झेंडू पिकायचा. चार भावांत तिसरे. सतराव्या वर्षी झेंडूचं पोतं घेऊन अकोल्याच्या बाजारात गेले, ते तिथल्या एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये राहिले. पुढची चोवीस वर्षं त्यांनी लाल दिव्याखाली काढली. १९८६ साली लग्न झालं. बायको शकुन, सातवी पास, नजर तीक्ष्ण आणि हात स्थिर. मालकानं ते हेरलं आणि तिला घरबसल्या काम दिलं. कागदावर फोटो उमटताना धुळीचा कण राहिला की तिथे पांढरा ठिपका येतो. तो बारीक कुंचल्यानं, आजूबाजूच्या करड्या रंगाशी जुळवून भरायचा. शकुनबाई दिवसाला चाळीस चाळीस फोटो भरायच्या. भरलेला ठिपका कुठे होता, ते मालकालाही सापडत नसे.

आणखी एक काम त्यांच्याकडे आपोआप आलं. आठवड्यातून तीन दिवस त्या स्टुडिओत पावत्या लिहायला बसायच्या. मोठा फोटो करून घ्यायला कोणी आलं, की माणूस जिवंत आहे की गेला, हे विचारणं भाग असे, कारण त्यावर सगळं ठरे: आकार, कागद, चौकट, हार. तोंडावर असं कसं विचारायचं? शकुनबाईंनी त्यावर तोडगा काढला होता. त्या विचारायच्या, "भिंतीचा की अल्बमचा?" भिंतीचा म्हणजे गेलेल्या माणसाचा. अल्बमचा म्हणजे जिवंत माणसाचा. बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे होते, दोन्हींवर खडूनं तसं लिहिलेलं. गिऱ्हाईक काय ते समजायचं. अकोल्यात त्या स्टुडिओची ही बोलीच होऊन गेली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रंगीत लॅब आल्या. अकोल्याची डार्करूम बंद झाली तेव्हा तिघं अमरावतीला आले. खुशालराव रंगीत लॅबमध्ये लागले, ती बंद झाल्यावर राजापेठेतल्या या स्टुडिओत आले आणि पन्नाशीत माऊस धरायला शिकले. आता ते करतात त्या कामाला मालक अमोल ‘क्लासिक फिल्म लूक’ म्हणतो. चिखलदऱ्याच्या धुक्यात लग्नाआधीचं शूटिंग करून आलेली जोडपी डिजिटल फोटो घेऊन येतात आणि ते आजोबांच्या काळातले दिसावेत असा आग्रह धरतात.

"काका, थोडा दाणा वाढवा," अमोल मागून सांगतो. "नवरीचं म्हननं हाय, रीलवर दिसला पायजे."

"दाणा का मसाला हाय, वरून भुरकवाले? अंधार असन तर दिसन. इथं नवरदेवाच्या दातावर काय दाणा टाकू?"

दाणा म्हणजे फिल्मवरचे चांदीचे कण. जवळून पाहिलं तर जुना फोटो रवाळ दिसतो, तो त्या कणांमुळे. डिजिटल फोटोत असं काही नसतं. बाजारात तयार दाणा मिळतो, तो सगळीकडे सारखा पसरतो, म्हणून खोटा वाटतो. खुशालरावांनी १९९६ सालच्या एका रोलची रिकामी, नुसती करडी चौकट जपून ठेवली होती. तिचं स्कॅन करून त्यांनी तोच दाणा संगणकात घेतला. गडद काळ्यात तो कमी ठेवतात, स्वच्छ पांढऱ्यात जवळपास नाहीच, मधल्या करड्यात जास्त. मग फोटोच्या कडा थोड्या मऊ करायच्या, काळा रंग अगदी कोळशासारखा न ठेवता जरा वर उचलायचा आणि शेवटी चहाच्या पाण्याएवढी पिवळट झाक. एका फोटोला तास जातो. अमोलला तो वेळ परवडत नाही. म्हणून घरचं काम खुशालराव दुकान उघडायच्या आधी करतात. चावी त्यांच्याकडेच असते.

शकुनबाईंचं विसरणं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी भाजीत दोनदा मीठ, मग बाजारातून घरचा रस्ता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं की अलीकडचं आधी जाईल, जुनं शेवटी. तसंच होत गेलं. नवऱ्याला त्या बहुतेक दिवस ओळखतात. प्रतीक्षाची मात्र रोज वाट पाहतात, ती शाळेतून यायची आहे म्हणून. दर रविवारी अकोल्याहून येणारी, चष्मा लावणारी, केस खांद्यावर कापलेली बाई त्यांच्या लेखी कुणी सरकारी बाई आहे. "बसा बाई," म्हणतात. "नाव लिहून घ्याले आल्या काय?"

प्रतीक्षानं सुरुवातीला समजावून पाहिलं, मग रडली, मग तिनं ते नाव लिहून घेणं चालू केलं. खरोखरच एक वही आणायची आणि लिहायची: शकुन खुशाल निमकर, वय बासष्ट, अपत्य एक.

गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी खुशालरावांनी जुना अल्बम शकुनबाईंच्या मांडीवर ठेवला. १९९७ चा फोटो, सहा वर्षांची प्रतीक्षा नळाच्या तोटीला लोंबकळलेली. हा फोटो त्यांनीच काढला होता, रोलच्या शेपटाला उरलेल्या चौकटीत. शकुनबाईंनी त्यावर लगेच बोट ठेवलं. "ही माही पोरगी." पुढचा, २००१ चा, रंगीत होता. लाल फ्रॉक, तीच मुलगी. शकुनबाईंनी पान उलटलं, अनोळखी घरात पाहुण्यानं उलटावं तसं.

त्या रात्री खुशालराव झोपले की नाही, ते सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला त्यांनी २००१ चा फोटो स्कॅन करून काळा-पांढरा केला, जुना दाणा घातला, पोस्टकार्ड आकारात छापला, चारी बाजूंनी पांढरी पट्टी सोडली आणि संध्याकाळी अल्बममध्ये लावला. शकुनबाई पाहत राहिल्या. "मोठी झाली," म्हणाल्या.

तिथून ही शिडी सुरू झाली. एका वर्षाचा एक फोटो. १९९९ पर्यंतचे खरेच काळे-पांढरे आहेत, पुढचे खुशालराव करतात. रोज सकाळी चहानंतर अल्बम पहिल्यापासून उघडायचा आणि जुने फोटो ओळखून झाले की शेवटी नवा दाखवायचा. नवा ओळखला की पुढच्या आठवड्यात पुढचं वर्ष. असं चढत चढत रविवारच्या त्या बाईपर्यंत यायचं. चेहऱ्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. पुरळ असेल तर पुरळ राहील. धुळीचे दोन-तीन पांढरे ठिपके मात्र ते मुद्दाम घालतात, कारण ठिपका दिसला की शकुनबाईंचं नख तिथे जातं, कुंचला शोधल्यासारखं, आणि फोटो हातात जास्त वेळ राहतो.

अमोलनं एकदा मोबाइलवरच्या ॲपमधून दोन सेकंदांत तोच फोटो काळा-पांढरा करून दिला होता, गाल घासून-पुसून. शकुनबाईंनी तो पाहून खुशालरावांकडे संशयानं बघितलं. "ही सिनेमावाली कोन व्हय? तुमच्याकडं काहून आली?"

बारा आठवड्यांत बारा वर्षं झाली. २०१२ ओळखलं. २०१३ ला शिडी थांबली. त्या वर्षी प्रतीक्षानं केस कापले आणि चष्मा लागला. तीन आठवडे खुशालराव तोच फोटो तीन तऱ्हांनी छापून दाखवत राहिले. शकुनबाई २०१२ पर्यंत हसत यायच्या आणि तिथे पान मिटायच्या.

आणि ओटी रविवारी होती.

म्हणून गुरुवारी त्यांनी शिडी सोडून दिली. मधली अकरा-बारा वर्षं ओलांडून गेल्या दिवाळीचा फोटो घेतला. आजची प्रतीक्षा, चष्म्यासकट. सकाळची दहा मिनिटं पुरत नसतील तर दिवसभर समोर ठेवू, असा त्यांचा विचार होता. चेहरा मोठा दिसावा म्हणून खांद्यापासून वरचा भाग कापून घेतला. बारा बाय पंधराचा आकार. मागची पडवी दिसू नये म्हणून सौम्य करडी केली. कुंकवाला अर्धा तास गेला.

दुपारी ते प्रिंट घेऊन चौकटी करणाऱ्या गोपाळकडे गेले. त्याचं दुकान स्टुडिओपासून चार दुकानं सोडून आहे. खुशालराव त्याच्याकडे आठवड्याला दोन-तीन कामं आणतात. संध्याकाळी ते चौकट घ्यायला गेले तेव्हा ती काउंटरवर तयार होती. काळी किनार, वर कडी आणि काचेवर चंदनाचा हार.

"हे काय?" खुशालरावांनी विचारलं.

"हार. नेहमीचाच व्हय काका. मोत्याचा पायजे होता काय?"

"गोपाळ, ही माही पोरगी हाय. जिती हाय. अकोल्याले हाय."

गोपाळनं जीभ चावली, दोन्ही कान धरले, हार ओढून काढला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. "माफ करा काका. हात चालून गेला. बाईले शंभर वर्सं आयुष्य येऊ द्या."

खुशालराव बराच वेळ त्याच्यावर चिडलेले होते. चूक हाराची आहे, असं त्यांना वाटलं. हार निघाला, म्हणजे चूक निघाली. गोपाळचा हात काय पाहून चालून गेला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. पन्नास वर्षांत असे हजारो फोटो स्वतःच्या हातानं करणाऱ्या माणसाला तो पडला नाही, कारण तो रविवारकडे बघत होता.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पलंगासमोरच्या भिंतीवर खिळा ठोकला आणि चौकट लावली. शकुनबाई झोपल्या होत्या. उठल्या, चहा प्यायल्या, भिंतीकडे पाहिलं. दिवसभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी खुशालरावांनी विचारलं, "पायलं काय? कोन व्हय?" शकुनबाईंनी मान फिरवली.

शनिवारी अकरा वीसला स्टुडिओत फोन आला. पार्वताबाईंचा. त्या शेजारी राहतात आणि दिवसा शकुनबाईंजवळ बसतात.

"भाऊ, घरी या. वयनी रडून राहिल्या. आंगावर थंडं पानी घेतलं त्यायनं. माहं ऐकून नाई राहिल्या."

"पडली काय?"

"पडल्या नाई. प्रतीक्षा प्रतीक्षा करून राहिल्या."

खुशालराव म्हणतात की स्टुडिओ ते घर हे एरवी पंधरा मिनिटांचं अंतर त्यांनी किती वेळात कापलं, ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की वाटेत ते आनंदात होते. नाव घेतलं होतं. एकोणीस महिन्यांत पहिल्यांदा आजच्या प्रतीक्षाचा चेहरा पाहून नाव घेतलं होतं. चष्म्यासकट, कापलेल्या केसांसकट ओळखलं होतं.

शकुनबाई जमिनीवर बसल्या होत्या. लुगडं ओलं, केस मोकळे, त्यातून पाणी गळत होतं. नजर चौकटीवर.

"अवो," नवऱ्याला पाहून त्या म्हणाल्या, "आपली प्रतीक्षा गेली."

"नाई शकुन. उद्या येऊन राहिली थे. ओटी हाय तिची."

"केवढी झाली होती. चष्मा लागला होता तिले. मले कोनी सांगतलंच नाई."

"अवं, जिती हाय!"

"मंग भिंतीवर काहून हाय?" शकुनबाईंनी विचारलं. आवाज अगदी पावती लिहितानाचा. "भिंतीचा फोटो हाय ना थो. तुमीच लावला. तुमीच लावला आन मलेच सांगतलं नाई."

खुशालरावांनी चौकट काढून कपाटामागे ठेवली. भिंतीवर खिळा राहिला. शकुनबाई खिळ्याकडे पाहून रडत राहिल्या. पार्वताबाईंनी चहा आणला तर नको म्हणाल्या, सुतकात चूल पेटवू नये, तुमच्या घरून आणला असेल तर ठेवा. बाकीचं सगळं निसटलं होतं, पण सुतकात काय चालतं आणि काय नाही, ते कलमवार शाबूत होतं.

दुपारी खुशालरावांनी प्रतीक्षाला फोन केला आणि सांगून टाकलं.

"म्हनजे ओळखलं तिनं मले?"

"ओळखलं."

"मंग येते मी. समोर उभी राहीन तर कळन तिले."

"नको येऊ म्हनून फोन केला पोरी."

"बाबा, एवढे दिवस वहीत नाव लिहून घेतलं मी. आता तिनं माहं घेतलं. येतेच."

रविवारी साडेदहाला प्रतीक्षा आणि जावई मनोज गाडीनं आले. पार्वताबाईंनी ओटीचं ताट तयार करून झाकून ठेवलं होतं: गहू, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. दोन शेजारणी आल्या होत्या, पण घरातलं रडं ऐकून अंगणातच थांबल्या. प्रतीक्षा हिरवी साडी नेसली होती. चष्मा तिनं काढून पर्समध्ये ठेवला होता, मग परत लावला. फोटोत चष्मा होता.

ती पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच शकुनबाई आतून उठल्या. लगबगीनं दारात आल्या आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या राहिल्या.

"बाई, आत नको येऊ. सुतक हाय घरात."

"आई, मी प्रतीक्षा."

"असं नाव नको घेऊ आपल्या तोंडानं." शकुनबाई रागावल्या नाहीत, घाबरल्या. "माही पोरगी होती थ्या नावाची. गेली. तू पोटुशी हायेस, गेलेल्या मानसाचं नाव सोताले लावू नाई. कितवा महिना?"

"सातवा."

"पयलं?"

"हो."

"मंग या घरी कोनं पाठोलं तुले? अकलेचे दुश्मन हायेत काय तुह्या घरचे?" त्यांनी अंगणात उभ्या असलेल्या मनोजकडे पाहिलं. "उन्हात नको उभी राहू. माय हाय का तुले?"

प्रतीक्षानं बापाकडे पाहिलं. खुशालराव दाराच्या आत, बायकोच्या मागे उभे होते.

"हाय," प्रतीक्षा म्हणाली.

"मंग तिच्याकडं जाय. थे भरन ओटी. आता महिनाभर सुतकाच्या घरात नको जाऊ कोनाच्या. जाय, माय माही."

पार्वताबाई ताट घेऊन पुढे आल्या. त्या सवाष्ण आहेत, लेकुरवाळ्या आहेत, इथे पायरीवर त्यांनी भरली तरी चाललं असतं. बाकीच्या बायकाही तसंच म्हणाल्या. प्रतीक्षानं ताटावरचं फडकं परत झाकलं.

"आई हाय ना मले," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या हातानं काहून भरू?"

पावणेबाराला गाडी अकोल्याला परत निघाली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत शकुनबाई दारात होत्या. मग आत येऊन म्हणाल्या, बाई चांगल्या घरची दिसत होती, पण कोणी सांगणारं नाही तिला.

त्या दुपारी खुशालराव जेवले नाहीत. कपाटामागून चौकट काढून त्यांनी ती उलटी जमिनीवर ठेवली, मागचे खिळे एक एक करून उपसले आणि प्रिंट बाहेर काढला. फाडायला घेतला, पण तो जाड कागद होता, हातानं फाटला नाही. कात्री आणायला उठले तेव्हा शकुनबाई हुंदके देत पलंगावर झोपलेल्या दिसल्या. मग त्यांनी तो गुंडाळून ठेवला. पार्वताबाई सांगतात की त्यानंतर ते अंगणात नळाजवळ बसले होते आणि नळ चालू होता, बादली भरून वाहत होती. त्यांनी हाक मारली. तीनदा मारली. चौथ्यांदा खुशालराव वळून म्हणाले, "बिस्किटाचे डबे कुठं गेले, माहीत हाय काय तुमाले?"

पार्वताबाईंना कुठले डबे ते कळलं नाही.

सोमवारी दिवसभर सुतक चाललं. अन्न शेजारून आलं. संध्याकाळी शकुनबाई एकदा म्हणाल्या की दहाव्याला मूर्तिजापूरच्या लोकांना कळवायला पाहिजे. खुशालराव हो म्हणाले. पहिल्यांदाच ते त्या गोष्टीला हो म्हणाले.

मंगळवारी सकाळी शकुनबाईंनी चहा मागितला, चूल का थंड आहे म्हणून विचारलं आणि प्रतीक्षाचा डबा भरायचा आहे असं सांगितलं. ती शाळेत गेली होती, तिची परीक्षा जवळ आली होती. मरण पुसलं गेलं होतं आणि त्याबरोबर चष्मा, कापलेले केस, तेहेतिसावं वर्षही. खुशालरावांनी सवयीनं अल्बम पुढे ठेवला. नळाचा फोटो: "ही माही पोरगी." २००१, २००४, २००७. २००९ ला बोट थांबलं. २०१० चं पान शकुनबाईंनी नुसतं उलटलं. आधी ओळखलेली तीन वर्षंही गेली होती.

पार्वताबाई म्हणाल्या, "राहू द्या भाऊ आता. किती करसान?"

"नवव्या महिन्यातही भरतात ना ओटी?" खुशालरावांनी विचारलं.

"भरतात."

हिशोब साधा आहे. नववा महिना लागायला आठ आठवडे आहेत. तेव्हा प्रतीक्षाला डॉक्टर प्रवास करू देणार नाहीत, म्हणजे शकुनबाईंना अकोल्याला न्यावं लागेल. वर्षभरात त्या गल्लीच्या बाहेर गेलेल्या नाहीत. आणि चढायची आहेत सोळा वर्षं. आठवड्याला एक या गतीनं ते जमणार नाही. दोन या गतीनं आजवर कधी जमलेलं नाही. आणि आता आठवड्याला एक पायरी चढते की एक उतरते, हेही सांगता येत नाही. खुशालरावांना हे सगळं माहीत आहे. त्याबद्दल विचारलं तर ते २०१० च्या फोटोबद्दल बोलतात. तो मोबाइलचा आहे, अंधारात काढलेला, सावल्यांमध्ये डिजिटलचे लाल-निळे डाग आहेत. लाल काढला की डाग जातो, पण जबड्याची रेघही जाते.

मंगळवारी दुपारी त्यांनी रिकामी चौकट गोपाळला परत दिली. अमोलकडे एका जोडप्याचे चिखलदऱ्याचे एकशे चाळीस फोटो आले होते. जाताना त्या मुलीनं सांगितलं की एक मोठा करून फ्रेम करून द्या, हॉलच्या भिंतीवर लावायचा आहे, काळा-पांढराच. खुशालरावांनी मान वर केली.

"अल्बम करा," ते म्हणाले.

"काका, त्यायले भिंतीवर पायजे," अमोल म्हणाला.

"रंगीत करा मंग."

मुलगी हसली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला फॅशन कळत नाही. ऑर्डर काळ्या-पांढऱ्याचीच लिहिली गेली. बारा बाय पंधरा, दाणा जास्त.

प्रतीक्षानं संध्याकाळी मोबाइलवर २०१० चे आणखी चार फोटो पाठवले. एकात ती कॉलेजच्या फाटकाजवळ उभी आहे, भर दुपारी, दोन वेण्या घालून. कपाळावर छोटी टिकली आहे. उजेड चांगला आहे.

उद्या बुधवार. पार्वताबाई आठ वाजता येतात. खुशालराव आठ पस्तीसला शटर अर्धं वर करतात, दुकान दहाला उघडतं. उद्याचा फोटो हाच, फाटकाजवळचा. पोस्टकार्ड आकार, चारी बाजूंनी पांढरी पट्टी.